सतरा क्रमांकाच्या जनुकाचा हयातीचा दाखला

वराहाच्या वाय गुणसूत्रावरचे सतरा क्रमांकाचे जनुक सत्तावीस नोव्हेंबरला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी हयातीचा दाखला काढण्यासाठी आमच्या कार्यालयात आले. सोबत ओळखपत्राची छायाप्रत होती, पण ती साक्षांकित नव्हती.

हा दाखला वाय गुणसूत्रावरच्या जनुकांना दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. एक्सवरच्यांना द्यावा लागत नाही, कारण मादीत एक्स गुणसूत्रे दोन असतात आणि एकावर काही बिघडले तर दुसऱ्यावर पाहून ते दुरुस्त करता येते. वाय मात्र एकटे असते. त्याच्यावरचे जनुक बिघडले तर बहुधा बिघडलेलेच पुढच्या पिढीत जाते, आणखी बिघडते, आणि एक दिवस बंद पडते. म्हणून नियम असा आहे, की तीस नोव्हेंबरच्या सायंकाळी पाचपर्यंत ज्याची हयात सिद्ध होणार नाही त्याचे नाव कमी करावे. नाव कमी झाले की पुढच्या वेतापासून कोणत्याही नर पिल्लात ते जनुक नसते.

एक्स आणि वाय ही एकेकाळी एकाच मापाची जोडी होती आणि दोन्हींवर हजाराच्या आसपास जनुके होती, हे मी प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगते. आज वायवर त्या मूळच्यांपैकी थोडीच उरली आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीत चार गेली. त्यांपैकी तीन खरोखरच मेलेली होती. चौथ्याबद्दल मला आजही शंका आहे, आणि ती मी लेखी कळवलेली आहे.

मी विद्यापीठातून प्रतिनियुक्तीवर आलेली पडताळणी अधिकारी आहे. जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. खिडकी उघडली की खालच्या म्हशींचा आवाज येतो आणि बंद केली की पंख्याचा. माझ्याशिवाय तेथे वरिष्ठ लिपिक जगन्नाथ हुलवळे बसतात. अर्ज प्रथम त्यांच्याकडे जातो.

"नाव?" हुलवळ्यांनी विचारले.

"सतरा."

"पूर्ण नाव सांगा."

"एवढंच आहे, साहेब."

"काम काय करता?"

जनुकाने माझ्या टेबलाकडे पाहिले आणि आवाज खाली घेतला. "बाईमाणूस बसलंय. जरा बाजूला या, सांगतो."

"मी पशुप्रजननशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली आहे," मी म्हणाले. "तिथूनच सांगा, आणि मोठ्याने सांगा."

"वृषणात असतो, मॅडम. शुक्राणू तयार होतात तिथं देखरेखीला."

"कधीपासून?"

"तसं मोजलं नाही. माणसं आणि डुकरं वेगळी झाली त्याच्या आधीपासून."

हुलवळ्यांची लेखणी थांबली. "इथं तारीख लागते."

"नऊ कोटी वर्षांपेक्षा अधिक, असे लिहा," मी म्हणाले.

"अधिक म्हणजे किती, असं मुख्यालय विचारेल."

"विचारू दे. मीही त्यांना तीन पत्रांतून काही विचारलेले आहे."

हुलवळ्यांनी संगणकात सतरा क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"मॅडम, हे मयत आहे."

"कोण?" जनुकाने विचारले.

"तुम्ही."

"कधीपासून?"

"मार्चच्या पाहणीपासून."

"मार्चात मी होतो की! आमच्या नराची मार्चात तीन वेतं झाली. चौतीस पिल्लं. ती काय माझ्या माघारी झाली?"

"पिल्लं झाली म्हणून तुम्ही होता असं सिद्ध होत नाही," हुलवळे म्हणाले.

तर्कदृष्ट्या हे बरोबर होते. हुलवळे तर्कदृष्ट्या बरोबर असतात तेव्हा मला अधिक त्रास होतो.

प्रकार काय घडला असेल हे मला पडदा न पाहताही ठाऊक होते, कारण माझी तिन्ही पत्रे त्याच विषयावर आहेत. मुख्यालयाचे पाहणी पथक कोणतेही जनुक सलग वाचत नाही. ते दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचते आणि तुकडा ज्याच्याशी जुळेल त्याच्या नावावर हजेरी मांडते. एकच तुकडा दोघांशी जुळला, तर ज्याची नोंद आधीची त्याला तो दिला जातो. एक्सची नोंदवही वायच्या नोंदवहीपेक्षा अकरा वर्षे आधी तयार झाली. सतरा क्रमांकाची एक जोडीदार एक्सवर आहे; तिला आमच्याकडे भगिनीप्रत म्हणतात. मार्चमध्ये सतराची सगळी हजेरी त्या भगिनीप्रतीच्या नावावर लागली आणि सतराच्या नावापुढे शून्य आले.

ही चूक ओळखायला फारशी बुद्धी लागत नाही. नरात एक्स एकच असते, तेव्हा नरात भगिनीप्रतीची हजेरी मादीच्या निम्मी भरली पाहिजे. मार्चमध्ये ती मादीइतकीच भरली. म्हणजे त्यातली निम्मी दुसऱ्या कुणाची तरी आहे. हे मी पहिल्या पत्रात आकृतीसह, दुसऱ्यात आकृतीशिवाय आणि तिसऱ्यात चार ओळींत लिहिले होते. मुख्यालयाने त्यावर असा निष्कर्ष काढला, की भगिनीप्रत नराच्या शरीरात दुप्पट काम करते, आणि तिला प्रशस्तिपत्र दिले.

"मग आता?" जनुकाने विचारले.

"आता तुमची ओळख पटवायची," मी म्हणाले. "स्वतःची अक्षरे म्हणून दाखवा. पहिल्यापासून."

जनुक उभे राहिले आणि म्हणू लागले. हुलवळे भगिनीप्रतीचा उतारा समोर ठेवून पेन्सिलीने खुणा करत होते. एकूण अक्षरे एकोणीसशे. एकतीस मिनिटे लागली. जनुकाचे पाठांतर स्वच्छ होते. मध्ये दोनदा ते पाण्यासाठी थांबले आणि एकदा खाली कुणीतरी म्हशीला इंजेक्शन दिले म्हणून थांबावे लागले.

"अकरा ठिकाणी फरक आहे," हुलवळे म्हणाले. "बाकी सगळं बहिणीचं."

"अकराही सगळीकडे सारखे विखुरलेले?"

"नाही. सुरुवातीला सहा, शेवटी पाच. मधल्या सहाशे अक्षरांत एकही नाही. शिक्का मारल्यासारखं."

मी जनुकाकडे पाहिले. ते बाकाच्या कडेवर बसले होते.

"मधलं ताईकडून उतरवून घेतलंय," ते म्हणाले. "माझं बिघडलं होतं, मॅडम. दोनदा बिघडलं. तसंच ठेवलं असतं तर तेव्हाच गेलो असतो. ताईचं चांगलं होतं. तिच्यावरून बघून घेतलं."

असे घडते. वायवरची काही जनुके अधूनमधून एक्सवरच्या जोडीदाराचा मजकूर उतरवून घेतात आणि स्वतःचा तेवढा भाग नीट करतात. त्यात बेकायदा काही नाही. पण त्यामुळे या अर्जाची अडचण अशी झाली, की सतरा क्रमांकाने जिवंत राहण्यासाठी जी जी दुरुस्ती केली, त्या त्या दुरुस्तीने ते बहिणीसारखे दिसू लागले. आणि ते बहिणीसारखे दिसू लागल्यामुळेच कागदोपत्री मेले. दुरुस्ती केली नसती तर ते खरोखर मेले असते आणि दप्तरात त्याची स्वतंत्र नोंद राहिली असती.

हे मी हुलवळ्यांना समजावून सांगितले. "म्हणजे चूक त्याचीच," असे ते म्हणाले.

बुधवारी आम्ही भगिनीप्रतीला जबाबासाठी बोलावले. ती वेळेवर आली. प्रशस्तिपत्र तिने काचेच्या चौकटीत बसवून घेतले होते आणि ते मांडीवर उभे धरून ती बसली.

"मॅडम, मी कुणाचं काही घेतलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या माणसांनीच मोजलं, तुमच्याच माणसांनी दिलं."

"ताई, तुझं प्रशस्तिपत्र राहू दे तुला," जनुक म्हणाले. "मी होतो एवढंच सांग."

"तू मध्ये बोलू नकोस. तू मयत आहेस."

"अगं, पण समोर बसलोय ना!"

"बसलायस ते माझ्या सहाशे अक्षरांवर. मॅडम, याला विचारा, किती वेळा यायचा. ताई, एवढी ओळ बघू दे. ताई, जरा हा तुकडा बघू दे. मी कधी नाही म्हटलं? आणि आता म्हणे हजेरी माझी!"

"म्हणजे हे वेगळे जनुक आहे आणि तुमच्याकडे येऊन उतरवून घेत होते, हे तुम्हाला मान्य आहे," मी म्हणाले. "हुलवळे, लिहून घ्या."

भगिनीप्रतीने मांडीवरची चौकट सरळ केली. मग म्हणाली, "मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं."

"तसं लिहू का?" हुलवळ्यांनी विचारले. "बोलण्याच्या ओघात?"

"काहीच लिहू नका. मी सही करणार नाही." तिने चौकट काखेत घेतली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि सतरा, पाणी पीत जा. कालपासून घसा बसलाय तुझा, खालपर्यंत ऐकू येतंय."

सहीशिवाय जबाबाला अर्थ नव्हता. आता सारी भिस्त त्या अकरा अक्षरांवर आली. वेगळे अक्षर दोन कारणांनी वेगळे असू शकते. एक तर ते निव्वळ बिघाड असते, आणि मग जनुक मरायला टेकलेले आहे असा अर्थ होतो. किंवा ते फार पूर्वीपासून मुद्दाम जपलेले असते, आणि मग जनुकाला स्वतःचे असे काम आहे असा अर्थ होतो. हे ठरवायला नियम नऊ आहे: भावकीतील दोन साक्षीदारांनी आपापली अक्षरे सांगावीत. वेगवेगळ्या घरांत तीच अक्षरे तशीच टिकलेली आढळली, तर ती बिघाड नव्हेत. हा आमच्या संहितेतला एकमेव नियम आहे, जो एखाद्या विचार करणाऱ्या माणसाने लिहिलेला वाटतो.

गुरुवारी दुपारी आफ्रिकेला फोन लावला. तिथला वॉर्टहॉग, म्हणजे तोंडावर मोठाल्या चामखिळी असलेला रानडुक्कर, हा आपल्या डुकराचा तसा जवळचा भाऊबंद. त्याच्या वायवरचे सतरा क्रमांक लगेच फोनवर आले.

"कोण, गावातलं सतरा?" ते ओरडून म्हणाले. "आहेस का अजून? आम्हाला वाटलं, खाऊन-खाऊन बंद पडला असशील!"

"दाखल्याचं काम आहे, दादा. अकरा अक्षरं सांग."

"तुझ्यासारखं आयतं नाही आमचं. इथं सिंह असतात. लिहून घ्या."

अकरापैकी नऊ जुळली. हुलवळ्यांनी दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना उघडला.

दुसरा साक्षीदार म्हणून जनुकाने पेकरीचे नाव दिले होते. पेकरी डुकरासारखाच दिसतो, पण त्याचे घराणे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले आणि आता अमेरिकेत असते. इतक्या लांबच्या घरात अक्षरे जुळली असती तर मुख्यालयाला बोलायला जागा राहिली नसती. फोन बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"सतरा आहेत का?" जनुकाने विचारले. "मी डुकराकडचा सतरा बोलतोय."

"मी त्याची बहीण बोलतेय. एक्सवरची," पलीकडचा आवाज म्हणाला. "ते गेलं की. बरीच वर्षं झाली. साठ लाख तरी असतील."

"कळवलं नाहीत?"

"पत्ता नव्हता तुमचा."

जनुकाने फोन ठेवला. हुलवळ्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली, मग आपली पाण्याची बाटली बाकाकडे सरकवली.

"इतक्या उशिरा कळलं की सुतक धरत नाहीत," ते म्हणाले. "नुसती आंघोळ करायची. आमच्याकडे तरी तसंच आहे."

"बरं," जनुक म्हणाले.

शुक्रवारी तीस तारीख होती. सकाळी मी आसामात फोन केला. तिथल्या गवताळ रानात राहणारा बुटका डुक्कर चालला असता, पण त्याच्या वायची पाहणी अजून व्हायची होती आणि निकाल फेब्रुवारीत येणार होता. इंडोनेशियातल्या भावकीचा फोन क्रमांक अस्तित्वात नव्हता. मुख्यालयाला मी मुदतवाढ मागितली. त्यांनी कळवले, की मयत अर्जदाराला मुदतवाढ देण्याची तरतूद नाही.

मुख्यालयातील सर्व व्यक्ती पदवीधर आहेत, हे येथे नमूद करते.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी नियम नऊ पुन्हा वाचला. पूर्वी मी तो निदान चाळीस वेळा वाचला असेन, आणि चाळीसही वेळा मी एक गोष्ट गृहीत धरून वाचला होता. साक्षीदार डुक्कर असला पाहिजे असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. "भावकी" या शब्दाची व्याख्या फक्त "एकाच मूळ प्रतीपासून उतरलेले" अशी होती. या व्याख्येनुसार अर्जदाराचा सर्वांत जवळ उपलब्ध असलेला भाऊबंद पलीकडच्या टेबलाशी बसून डब्यातला चिवडा खात होता.

"हुलवळे," मी म्हणाले, "तुमच्या वायवर हे जनुक आहे."

"कुठलं?"

"हेच. सतरा. माणसाच्या वायवर ते टिकलेले आहे. गेल्या वर्षी यंत्राच्या चाचणीसाठी तुम्ही गालाचा नमुना दिला होता, तो दप्तरात आहे. मी आत्ताच ताडून पाहिला. अकरापैकी आठ अक्षरे जुळतात. नऊ कोटी वर्षांच्या अंतराने आठ, म्हणजे वॉर्टहॉगच्या नवापेक्षा हा पुरावा भक्कम आहे. दुसरे साक्षीदार म्हणून सही करा."

हुलवळ्यांनी डबा बंद केला.

"कुणाच्या भावकीत?"

"वराहाच्या."

"डुकराच्या म्हणा ना सरळ." ते उठून उभे राहिले. "मॅडम, साक्षीदारांची यादी सात दिवस खाली बोर्डावर लागते. हरकतींसाठी. नाव, गाव, नातं, सगळं. माझ्या मयूरीचं लग्न ठरलंय. तिचे सासरे आनंदराव झांजुर्णे, त्यांची म्हैस खालीच दाखवायला आणतात. येतील, म्हशीला खांबाला बांधतील आणि बोर्ड वाचतील. काय वाचतील? जगन्नाथ हुलवळे, डुकराचे भाऊबंद!"

"ते सत्य आहे."

"सत्य असेल. पण सोयरिकीत सगळं सत्य सांगत बसत नाहीत! तुम्हाला ठाऊक आहे ती बैठक कशी पार पडली? वडील नाहीत, चुलते नाहीत, आमच्या बाजूनं बोलायला थोरलं माणूस नाही. त्यांच्याकडचे अकराजण आणि आमच्याकडून मी एकटा. कसंबसं जुळवलंय."

"हा शास्त्रीय दस्तऐवज आहे, हुलवळे. त्यात कमीपणा कसला?"

"मग तुम्ही करा सही."

"मी करू शकत नाही. माझ्याकडे वाय नाही."

तरी ते सही करेनात. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. मी रजा नामंजूर केली. एकाच खोलीत दोन सुशिक्षित माणसे, टेबलावर निर्विवाद पुरावा आणि भिंतीवर चार वाजून दहा मिनिटे, अशी परिस्थिती होती. या खात्यात पुरावा मिळवणे कधीच अवघड नसते. तो मिळाल्यावर पुढे काय होते, ते अवघड असते.

तेवढ्यात जनुक बाकावरून उठले. त्याने आपले कागद पिशवीत भरले.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "त्यांच्या घरात कार्य आहे. माझ्यापायी कशाला?"

"तुम्हाला परिणाम ठाऊक आहे ना?"

"आहे. पाचनंतर नाव कमी होणार. पेकरीकडचं गेलंच की. त्यांचं काही अडलं नाही." ते हुलवळ्यांकडे वळले. "मुलीला आशीर्वाद सांगा."

ते जिना उतरू लागले. हुलवळे रजेच्या अर्जाकडे पाहत बसले.

"पेकरीचं खरंच काही अडलं नाही का?" त्यांनी थोड्या वेळाने विचारले.

"पेकरीत ते काम बहुधा दुसऱ्या कुणीतरी उचलले. डुकरात तसे कुणी आहे असा पुरावा नाही."

"आणि माणसात?"

मी अचूक उत्तर देण्याचा प्रयत्न केला. "माणसात हे जनुक नसेल तर तो पुरुष दिसायला, चालायला, नोकरी करायला ठीक असतो. मूल होत नाही."

हुलवळ्यांनी लेखणी खाली ठेवली. "मयूरीत आहे का ते?"

"नाही. वाय वडिलांकडून फक्त मुलाला मिळते. मयूरीत त्याचे एक अक्षरही नाही. पण तुमच्यात ते नसते, तर ज्या मुलीच्या लग्नासाठी तुम्ही सही नाकारता आहात, ती मुलगी नसती."

मी हे भावनेने म्हणाले नाही. तो फक्त घटनाक्रम होता. पण हुलवळे उठले, रजेचा अर्ज फाडला, साक्षीदाराच्या रकान्यात सही केली आणि खाली तारीख घातली. मग त्यांना आठवले, की दाखल्यावर अर्जदाराची सही अधिकाऱ्यासमोर व्हावी लागते.

ते खिडकीकडे धावले. "ए सतरा!" त्यांनी हाक मारली. खाली गर्दी होती. कुणी वळून पाहिले नाही. ते जिन्याकडे धावले. चोपन्न वर्षांचा मनुष्य दोन-दोन पायऱ्या उतरतो तेव्हा होणारा आवाज मी ऐकला, आणि पाठोपाठ दवाखान्याच्या आवारातून त्यांचा आवाज आला: "अहो काका! काका, थांबा! अहो, मागे फिरा, सही राहिली!"

दोघे वर आले तेव्हा चार वाजून चव्वेचाळीस मिनिटे झाली होती. हुलवळ्यांना धाप लागली होती, आणि जनुकाने त्यांचा हात धरला होता, की त्यांनी जनुकाचा, हे मला नीट कळले नाही.

"नात्याचा रकाना रिकामा आहे," मी म्हणाले.

"चुलत लिहू?" हुलवळ्यांनी विचारले.

"चुलत म्हणजे एका आजोबांचे. तसे ते नाही."

"मग दूरचे चुलत."

"दूरचे म्हणजे किती दूरचे?"

"मॅडम, सोळा मिनिटं आहेत!"

"म्हणूनच नीट लिहा. चुकीचे नाते लिहिले तर मुख्यालय एवढ्यावरच प्रकरण परत पाठवील. मागे पाठवले आहे."

"घरचेच लिहा," जनुकाने सुचवले.

शेवटी मी सांगितले तसे हुलवळ्यांनी लिहिले: "एकाच मूळ प्रतीपासून उतरलेले, घराणी विभक्त झाल्याला सुमारे नऊ कोटी वर्षे." रकाना दीड इंचाचा असल्याने शेवटचे शब्द समासात गेले. जनुकाने सही केली. मी शिक्का मारला आणि दाखला मुख्यालयाला पाठवला. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी पोच आली. पडद्यावर सतरा क्रमांकापुढचा "मयत" हा शब्द गेला आणि "हयात" आला. भगिनीप्रतीचे प्रशस्तिपत्र रद्द झाले नाही. त्याविषयी माझे चौथे पत्र तयार आहे.

शनिवारी यादी खाली बोर्डावर लागली. हुलवळ्यांनी ती शक्य तितकी वर, रेबीजच्या लसीकरणाच्या भित्तिपत्रकाखाली जवळजवळ झाकली जाईल अशी लावली होती.

मंगळवारी साडेबाराला आनंदराव झांजुर्णे जिना चढून वर आले. उंच, रुंद मनुष्य. हातात म्हशीचा कासरा तसाच होता, म्हैस मात्र खाली होती. त्या वेळी जनुक दाखल्याच्या साक्षांकित प्रती घेण्यासाठी आले होते आणि बाकावर बसले होते. हुलवळे उभे राहिले. त्यांचा चेहरा मी वर्णन करणार नाही.

"हुलवळे, खाली बोर्ड वाचला," आनंदराव म्हणाले.

"आनंदराव, त्याचं असं आहे..."

"भावकी नऊ कोटी वर्षांची?"

"म्हणजे, मॅडमनी..."

आनंदराव माझ्याकडे वळले. "बरोबर आहे का, मॅडम?"

"अंतर नऊ कोटी वर्षांहून किंचित जास्तच आहे," मी म्हणाले.

"आणि बैठकीत हा माणूस मला म्हणाला, आमच्या बाजूला थोरलं कुणी राहिलं नाही." त्यांनी कासरा टेबलावर ठेवला. "हुलवळे, आमची माणसं तुमच्या घरात मान कुणाला द्यायचा म्हणून चार दिवस विचार करतायत. एवढं जुनं माणूस हयात असताना यादीत धरलं नाहीत? आमच्या घरी कळलं तर काय म्हणतील? मुलीकडच्यांनी भावकी लपवली!"

"तसं नव्हतं मनात," हुलवळे म्हणाले.

येथे मला हस्तक्षेप करणे भाग होते. "हे जनुक हुलवळ्यांपेक्षा थोरले नाही," मी म्हणाले. "दोन्ही शाखा एकाच वेळी वेगळ्या झाल्या. डुकराकडचे सतरा आणि माणसाकडचे सतरा यांचे वय अगदी सारखे आहे. एकाला दुसऱ्याचे वडीलधारे म्हणणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांतही..."

"असेल, मॅडम, तुमच्या शास्त्रात तसं असेल," आनंदराव म्हणाले. "पण हयात आहेत ना?"

"दाखला आहे."

"कुठं असतात?"

हुलवळ्यांनी बाकाकडे बोट दाखवले. जनुक उठून उभे राहिले आणि नमस्कार केला. आनंदरावांनी पायातल्या वहाणा काढल्या, वाकून नमस्कार केला, आणि मग हुलवळ्यांना म्हणाले, "टोपी-उपरणं आमच्याकडून. टोपीचं माप सांगा, आजच बाजारात जातोय."

माप कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्या एकाही नमुन्यात तो रकाना नाही. हुलवळ्यांनी कपाटातून टेप काढला, जनुकाला बाकावर बसवले आणि त्याच्या डोक्याभोवती टेप एकदा सैल आणि एकदा घट्ट धरून पाहिला.

"एकवीस," ते म्हणाले.

"साडेवीस," मी म्हणाले. "टेप तिरका धरला आहे तुम्ही."

त्यांनी पुन्हा मोजले. एकवीसच भरले.